सरासरी टनांवर भरवसा नको: अनिश्चितता धरून शहराच्या कचऱ्याचं नियोजन गणिताने कसं मांडायचं

१९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर एक प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि त्यातून वीज करायची, असा बेत होता. पण जो कचरा प्रत्यक्ष दारात आला, त्यात ओल आणि माती इतकी होती की तो स्वतःच्या उष्णतेवर जळेना. थोड्याच दिवसांत प्रकल्प बंद पडला. कागदावर धरलेला कचरा आणि गाडीतून उतरलेला कचरा वेगळे निघाले, एवढीच ती गोष्ट.

आपल्याकडे बहुतेक शहरांचे आराखडे आजही लोकसंख्या गुणिले माणशी ग्रॅम, त्यावर दरवर्षीची वाढ, अशा एकाच आकड्यावर बेतलेले असतात. त्या आकड्यावर टेंडर निघतं आणि पुढची वीस वर्षं शहर तो आकडा निस्तरत बसतं. अनिश्चितता टाळता येत नाही, पण तिला हिशेबात घेता येतं. त्याचं गणित १९५५ पासून उपलब्ध आहे. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी त्या वर्षी अनिश्चिततेखालच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगवर (ठरलेल्या अटी पाळून खर्च कमीत कमी करण्याचं गणित) निबंध लिहिला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ई. एम. एल. बील यांनी स्वतंत्रपणे तीच वाट काढली. हे गणित तीन-चार लाख वस्तीच्या शहराला कसं लावायचं, ते इथे सांगतो. पालिकेच्या अभियंत्याला, नगरसेवकाला किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते स्वतः करून पाहता येईल. उदाहरणातले रुपये आणि टन समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या शहराचे आकडे त्या जागी घाला.

पायरी १: आजचे निर्णय आणि नंतरचे निर्णय वेगळे करा

एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे आज ठरवावंच लागतं ते लिहा: प्रक्रिया प्रकल्पाची क्षमता, जागा, हस्तांतरण केंद्र (जिथे छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाडीत भरतात) कुठे, किती गाड्या विकत घ्यायच्या, करार किती वर्षांचा. उजवीकडे जे परिस्थिती पाहून ठरवता येतं ते: आज कोणत्या प्रभागाचा कचरा कुठे न्यायचा, जास्तीच्या खेपा, भाड्याचे टिपर, जास्तीचा ओला कचरा शेजारच्या शहरातल्या बायोगॅस प्रकल्पाला देणं.

डँट्झिग यांच्या कल्पनेचा गाभा हाच आहे. डाव्या रकान्यातला निर्णय सगळ्या संभाव्य परिस्थितींसाठी एकच असतो, कारण तो घेताना पुढचं माहीत नसतं. उजव्या रकान्यातला निर्णय प्रत्येक परिस्थितीत वेगळा असू शकतो. डावीकडचा पक्का खर्च अधिक उजवीकडचा अपेक्षित खर्च, यांची बेरीज कमीत कमी करायची. याला दोन टप्प्यांचं मॉडेल म्हणतात.

या पायरीला घाई करू नका. मुकादम आणि आरोग्य निरीक्षक यांना शेजारी बसवून हा कागद भरा. उजव्या रकान्यात काय काय शक्य आहे, हे त्यांना माहीत असतं आणि सल्लागाराला नसतं. ‘पाऊस लागला की डेपोच्या आतल्या रस्त्यावर मोठी गाडी फसते, मग आम्ही अलीकडेच उतरवतो’ असं वाक्य प्रकल्प अहवालात सापडणार नाही. मॉडेलमध्ये मात्र ती एक अख्खी मर्यादा, म्हणजे पाळावीच लागणारी अट, असते.

पायरी २: वजनकाट्याची वही वाचा

किमान एक वर्षाची, जमल्यास तीन वर्षांची रोजची नोंद हवी: तारीख, गाडी, प्रभाग, भरलेलं वजन, रिकामं वजन, कचरा ओला, सुका की मिश्र. आधी नोंदी तपासा. एकच आकडा सलग दहा दिवस दिसला तर काटा बंद होता आणि कुणीतरी अंदाज लिहिला आहे. सगळी वजनं पूर्ण शेकड्यात असतील तर तेच. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर वजनात राडारोडा आणि पाणी मोजलं जाण्याची शक्यता धरा. असे दिवस ‘माहिती नाही’ म्हणून वेगळे काढा, सरासरीत मिसळू नका.

काट्यावर जे येत नाही तेही लक्षात ठेवा. कचरावेचक आणि भंगारवाले पुठ्ठा, धातू, बाटल्या आधीच काढून घेतात, म्हणून शहर जेवढा कचरा करतं त्यापेक्षा काट्यावर कमी दिसतो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००७ पासून आहे आणि महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. अशा लोकांना आराखड्यातून वगळलं, तर त्यांनी उचललेले टन परत काट्यावर येतात आणि त्यांच्यासाठी नवी क्षमता बांधावी लागते. तुमच्या मॉडेलमध्ये कचरावेचकांची साखळी हा एक पर्याय म्हणून, त्याच्या क्षमतेसह आणि मोबदल्यासह, असायलाच हवा. तो नसेल तर यंत्राचा पर्याय उगाच स्वस्त दिसतो.

घटक मोजण्यासाठी चौथाईची पद्धत पुरते. ताज्या कचऱ्याचा ढीग सपाट करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकायचे, पुन्हा मिसळून तेच करायचं. शंभरेक किलो उरले की हाताने वर्गवारी करायची आणि थोडा नमुना १०५ अंशांवर सुकवून ओल काढायची. कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात ती भट्टी असते. मात्र मोजणी मे महिन्यात, जुलैत आणि दिवाळीच्या आठवड्यात, अशी तिन्ही वेळा करा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा डेपोत पुरू नये असं सांगितलं. तो उष्मांक मे महिन्यात मिळतो म्हणून जुलैत मिळेल असं नाही. एकाच मोजणीवर जाळप्रकल्प आखला, तर तिमारपूरची चूक पुन्हा होते.

पायरी ३: परिस्थिती म्हणजे सुटे आकडे नव्हेत

इथे बरेच जण घसरतात. वजनाचा एक फासा टाकतात, वाहतूक खर्चाचा दुसरा, प्रकल्प बंद पडण्याचा तिसरा, आणि तिन्ही एकमेकांशी संबंध नसल्यासारखे. प्रत्यक्षात जुलैचा पाऊस एकाच वेळी कचरा जड करतो, रस्ता खराब करतो, खताचे ढीग चिकट करून प्रक्रिया मंदावतो आणि लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, वाढवतो. सगळी संकटं हातात हात घालून येतात. सुटे फासे टाकले तर ती एकदम येण्याची शक्यता फारच कमी दिसते आणि योजना सुरक्षित वाटू लागते. म्हणून प्रत्येक परिस्थिती ही एक सुसंगत हकिगत म्हणून लिहा: कोरडा उन्हाळा, लांबलेला पाऊस, गणपती-दिवाळीचा काळ, वाढती वस्ती आणि ढासळलेलं वर्गीकरण.

त्यात एक हकिगत डेपो बंद पडण्याची हवीच. पुण्याच्या डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, तेव्हा पुण्याचा कचरा शहरातच साचला. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डेपोला आग लागली आणि मुंबईच्या मोठ्या भागावर धूर पसरला. अशा घटना ‘अपवाद’ म्हणून बाहेर ठेवल्या की मॉडेल डेपोला नेहमीच सगळ्यात स्वस्त ठरवतं.

पायरी ४: हाताने सोडवता येईल एवढं मॉडेल आधी करा

शहर चार लाखांचं, माणशी ४०० ग्रॅम, म्हणजे रोज १६० टन. ओल्या कचऱ्यासाठी प्रकल्प बांधायचा आहे. पाच वर्षांनी ओला कचरा किती असेल याच्या तीन शक्यता: रोज ७० टन (शक्यता ३० टक्के), ९० टन (४० टक्के), १२० टन (३० टक्के). सरासरी येते ९३ टन.

खर्च असे धरू. बांधलेल्या प्रत्येक टन क्षमतेचा रोजचा भांडवली आणि स्थिर खर्च ५०० रुपये, ती वापरली किंवा न वापरली तरी. प्रक्रिया केलेल्या प्रत्येक टनामागे चालवण्याचा खर्च ३०० रुपये. क्षमतेबाहेरचा टन डेपोत गेला, तर वाहतूक, डेपोची जागा आणि पुढे ढीग बंदिस्त करण्याचा खर्च मिळून २,३०० रुपये.

सरासरीवर विसंबून ९३ टनांचा प्रकल्प बांधला तर स्थिर खर्च ४६,५००. परिस्थितीनुसार पुढचा खर्च २१,००० किंवा २७,०००. १२० टन आले तर मात्र २७ टन डेपोत जातात आणि खर्च ९०,००० होतो. शक्यतांनी गुणून बेरीज ४४,१००. एकूण अपेक्षित खर्च रोज ९०,६०० रुपये.

१२० टनांचा बांधला तर स्थिर खर्च ६०,००० आणि चालवण्याचा सरासरी २७,९००. एकूण ८७,९००.

म्हणजे सरासरीवर बांधल्याने रोज २,७०० रुपयांचं, वर्षाला जवळपास दहा लाखांचं नुकसान. अनिश्चितता हिशेबात न घेण्याची ही किंमत आहे आणि ती रुपयांत दाखवता येते.

यामागचा नियम साधा आहे. क्षमतेचा एक टन वाढवला तर ५०० रुपये नक्की जातात, आणि तो टन खरोखर आला तर २,३०० वजा ३००, म्हणजे २,००० रुपये वाचतात. तेव्हा तो टन येण्याची शक्यता ५०० भागिले २,०००, म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त असेल तोवर बांधत जा. इथे ९० च्या वरचे टन येण्याची शक्यता ३० टक्के आहे, म्हणून १२० पर्यंत जायचं. ती शक्यता २० टक्के असती तर ९० वर थांबायचं. बैठकीत कुणी ‘तुमचे ३० टक्के आले कुठून?’ असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर हेच द्यावं: ३० ऐवजी २६ असले तरी निर्णय तोच राहतो, २४ असले तर बदलतो.

आणखी एक आकडा काढून ठेवा. पुढचं सगळं आधीच कळलं असतं तर प्रत्येक परिस्थितीला नेमका प्रकल्प बांधता आला असता आणि सरासरी खर्च ८०० गुणिले ९३, म्हणजे ७४,४०० आला असता. ८७,९०० शी तुलना करता फरक १३,५०० रुपये रोजचा. चांगल्या माहितीसाठी द्यावा असा हा कमाल खर्च. वर्षाला तो ४९ लाखांच्या आसपास जातो. नवा वजनकाटा आणि तीन हंगामांची घटक मोजणी महाग वाटत असेल, तर हा आकडा पुढे ठेवा.

पायरी ५: वाकवता येणारा करार शोधा

आता उजव्या रकान्यात एक पर्याय वाढवू. शेजारच्या शहरातला बायोगॅस प्रकल्प स्वच्छ ओला कचरा वाहतुकीसह टनाला १,४०० रुपयांत घ्यायला तयार आहे आणि पाठवला तरच पैसे द्यायचे आहेत. आता जास्तीच्या क्षमतेने टनामागे फक्त १,१०० वाचतात. बांधत जाण्याचा उंबरठा आधी २५ टक्के होता, तो आता ५०० भागिले १,१००, म्हणजे ४५ टक्के. ९० टनांवर थांबायचं. खर्च: ४५,००० स्थिर, २५,२०० चालवण्याचे, १२,६०० शेजारच्यांना. एकूण ८२,८००.

१२० च्या प्रकल्पापेक्षा रोज ५,१०० रुपये कमी. प्रकल्पाचा आकार अचूक काढून २,७०० वाचले होते, नुसती एक वाट मोकळी ठेवून त्याच्या वर आणखी ५,१०० वाचले. माझ्या मते या सगळ्या विषयात नियोजनकाराच्या सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट ही आहे. आपल्या बैठकांत सगळा वेळ क्षमतेवर जातो आणि कराराच्या अटी शेवटच्या अर्ध्या तासात उरकल्या जातात. शेजारच्यांनी ३० टनांची जागा राखून ठेवायला पैसे मागितले तर किती द्यायचे, तेही यातून कळतं: ५,१०० भागिले ३०, म्हणजे टनामागे रोज १७० रुपयांपर्यंत. याच हिशेबाने ‘रोज किमान इतके टन देऊच’ अशी हमी पालिकेने लिहून देणं किती महाग पडतं, तेही काढता येईल. ७० टनांच्या परिस्थितीत ती हमी अंगावर येते, आणि वर्गीकरण सुधारून कचरा कमी करण्यात पालिकेलाच तोटा दिसू लागतो.

वर्गीकरणाची खरी किंमतही इथेच दिसते. शेजारचा प्रकल्प स्वच्छ ओला कचरा घेतो, मिश्र घेत नाही. सुका कचरा शेडमध्ये महिनाभर ठेवता येतो, ओला दुसऱ्या दिवशी कुजतो आणि मिश्र तर सगळाच ओल्यासारखा वागतो. डेपो दहा दिवस बंद राहिला तर वर्गीकरण करणाऱ्या शहराला फक्त ओल्या कचऱ्याची चिंता असते. सरासरीच्या हिशेबात वर्गीकरणाचा फायदा खताच्या आणि भंगाराच्या भावाएवढाच दिसतो.

वर्गीकरणाचं प्रमाण पावसासारखं आपल्या हाताबाहेरचं नाही, हेही मांडणीत यायला हवं. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या शहराने घरापासून काटेकोर वर्गवारी करून डंपिंग ग्राउंडचा प्रश्नच निकालात काढला. म्हणून ‘वर्गीकरण ४० टक्के की ८० टक्के’ याच्या शक्यता एकदाच लिहून चालत नाही. जनजागृती आणि दारोदारच्या कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाचे दोन-तीन पर्याय घ्या, प्रत्येकासाठी शक्यता वेगळ्या लिहा आणि मॉडेल वेगवेगळं सोडवून तुलना करा.

पायरी ६: शक्यताच सांगता येत नसतील तर

लहान नगरपरिषदेत ३० टक्के, ४० टक्के म्हणायलाही आधार नसतो. तिथे अंतराल पद्धत कामाला येते. १९९२ साली कॅनडात हुआंग, बेट्झ आणि पॅट्री यांनी कचरा नियोजनासाठीच ती मांडली. प्रत्येक अनिश्चित आकडा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा द्यायचा, मॉडेल अनुकूल टोकाला आणि प्रतिकूल टोकाला असं दोनदा सोडवायचं आणि उत्तरही अंतरालात घ्यायचं.

आपल्या उदाहरणात शेजारचा करार बाजूला ठेवून डेपोचा खर्च १,८०० ते २,८०० धरा. उंबरठा ५०० भागिले १,५०० पासून ५०० भागिले २,५०० पर्यंत, म्हणजे ३३ ते २० टक्के होतो. एका टोकाला उत्तर ९०, दुसऱ्या टोकाला १२०. याचा व्यवहारातला अर्थ स्पष्ट आहे: ९० टन आज बांधा, आणखी ३० टनांची जागा, वीजजोडणी आणि परवानगी आत्ताच राखून ठेवा. एक सावधगिरी मात्र हवी. अंतरालातली कुठलीही दोन मूल्यं उचलून जोडली तर ती मर्यादा पाळतीलच असं नाही. निवडलेला आराखडा प्रतिकूल टोकाला पुन्हा तपासून घ्या.

पायरी ७: गाड्यांसाठी वेगळा नियम

रोजच्या उचलीत रुपयांपेक्षा ‘कचरा पडून राहू नये’ हे महत्त्वाचं. चार्न्स आणि कूपर यांनी १९५९ मध्ये मांडलेली संभाव्यतेची मर्यादा इथे चपखल बसते: ९५ टक्के दिवस सगळा कचरा उचलला गेला पाहिजे. करायला ती सोपी आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांची वजनं चढत्या क्रमाने लावा आणि ३४७ वा आकडा घ्या. सरासरी १५० टन असेल आणि हा आकडा १८४ आला, तर घंटागाडी दिवसाला दोन खेपांत दोन टन उचलते असं धरून ७५ ऐवजी ९२ गाड्यांची सोय लागेल.

मग उरलेले १८ दिवस कोणते, ते वहीत पाहा. ते वर्षभर विखुरलेले असतील तर ठीक. पण ते दिवाळीच्या आसपास सलग आले असतील, तर ९५ टक्क्यांचं वचन पाळूनही शहर दोन आठवडे कचऱ्यात राहील. तेव्हा १७ गाड्या कायमच्या विकत घेण्याऐवजी त्या काळापुरत्या भाड्याने घेण्याची तरतूद करा. सरासरी आणि टक्केवारी दोन्हींच्या मागे कॅलेंडर असतं.

सगळे प्रभाग एकाच दिवशी कमाल वजन देतील असं धरलं तर खर्च अवाच्या सवा होतो. बर्टसिमास आणि सिम यांनी २००४ मध्ये यावर सुटसुटीत तोड दिली: एका वेळी जास्तीत जास्त किती आकडे बिघडतील ते ठरवा, दहांपैकी तीन प्रभाग म्हणा, आणि तेवढ्यापासून संरक्षण घ्या. तीनचे चार केले तर किती पैसे वाढतात तेही पाहा.

पायरी ८: ज्याला भाव लावायचा नाही, ते मर्यादेत घाला

डेपोशेजारच्या गावाला दुर्गंधी आणि खराब विहिरी सोसाव्या लागतात. त्याला टनामागे अमुक रुपये असा भाव लावता येतो, पण मग पैसे वाचत असतील तर मॉडेल तो भाव मोजून आणखी कचरा तिकडे ढकलतं. मला हे मान्य नाही. डेपोत रोज जास्तीत जास्त इतके टन, मिश्र कचरा शून्य, असं मर्यादेत लिहा. ती मर्यादा एक टनाने कडक केली की एकूण खर्च किती वाढतो, हे सॉल्व्हर, म्हणजे मॉडेल सोडवणारी संगणकप्रणाली, आपोआप सांगतो. गावाशी बोलताना तो आकडा उघड ठेवा.

पायरी ९: सोडवा आणि न पाहिलेल्या वर्षावर तपासा

एक्सेलच्या साध्या सॉल्व्हरमध्ये २०० निर्णयचलांपर्यंत (म्हणजे मॉडेलने ठरवायच्या आकड्यांपर्यंत) काम होतं. दोन-तीन प्रकल्प, पाच-सहा परिस्थिती आणि शहराचे मोठे चार-पाच विभाग एवढं त्यात बसतं. प्रभागवार मांडणी करायची तर पायथॉनमधलं पल्प हे मोफत साधन घ्या. हस्तांतरण केंद्र बांधायचं की नाही, असे शून्य-एकचे निर्णयही त्यात घालता येतात.

तीन वर्षांच्या नोंदी असतील तर पहिल्या दोन वर्षांवर आराखडा ठरवा आणि तिसरं वर्ष दिवसागणिक त्यावर चालवून पाहा: किती दिवस कचरा उरला, किती टन डेपोत गेला, जास्तीत जास्त सलग किती दिवस अडचण आली. सरासरीचा आराखडाही त्याच वर्षावर चालवा. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

स्थायी समितीपुढे एकच पान न्या. वर आजचे निर्णय, खाली प्रत्येक परिस्थितीत काय करायचं आणि त्याचा खर्च, शेवटी ‘कोणता आकडा कितीने बदलला तर निर्णय बदलेल’ याची यादी. मंजुरी वीस वर्षांच्या क्षमतेची एकदम मागू नका, पहिल्या टप्प्याची आणि राखीव जागेची मागा. दुसऱ्या टप्प्याच्या आधी दर जूनमध्ये नवी नोंद घालून मॉडेल पुन्हा सोडवा. जुलैची ओल मोजायला नमुने कोण घेणार, त्या माणसाचं नाव आणि तारीख त्याच पानावर लिहून ठेवा.